इंजिनाचे अतितापन

इंजिनाचे अतितापन म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाचे तापमान त्याच्या रचनेत गृहीत धरलेल्या मर्यादेपलीकडे जाणे होय. बोलीभाषेत यास ‘गाडी तापणे’, ‘इंजिन गरम होणे’ किंवा ‘पाणी उकळणे’ असे म्हणतात. हा दोष कोणत्याही मोटारीत उद्भवू शकतो. मात्र जुन्या मोटारी, जुने सुटे भाग जमवून पुन्हा उभारलेल्या जीपगाड्या आणि किट कार, म्हणजेच सुट्या भागांच्या संचातून जुळवलेल्या मोटारी, यांमध्ये तो विशेष आढळतो. महाराष्ट्रातील मराठवाड्यासारख्या उष्ण, अवर्षणप्रवण आणि घाटरस्त्यांच्या प्रदेशात, उदाहरणार्थ बीड जिल्ह्यात, या दोषाला हवामान, भूरचना आणि पाण्याचा गुणधर्म अशी तिन्ही कारणे हातभार लावतात. वेळीच दखल न घेतल्यास इंजिन कायमचे निकामी होते. घाईने हाताळल्यास वाफेने भाजून माणसाला गंभीर इजा होते.

## उष्णतेचे गणित

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा तेथील वायूंचे तापमान काही क्षण २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि ओतीव लोखंड सुमारे १२०० अंशांना. म्हणजे अखंड शीतन झाले नाही तर ज्या धातूचे इंजिन घडले आहे तो धातूच टिकणार नाही. इंधनातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला एक तृतीयांश शीतन प्रणालीला वाहून न्यावा लागतो. अतितापनाचा सारा प्रश्न या शेवटच्या भागाशी निगडित आहे. जेवढी उष्णता इंजिनाच्या भिंतींकडे येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे. आवक वाढली किंवा जावक घटली की तापमान चढू लागते.

उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी वापरतात, कारण त्याची विशिष्ट उष्मा धारकता मोठी आहे. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने वाढवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. मात्र पाणी वायुमंडलीय दाबाला १०० अंशांना उकळते व समुद्रसपाटीपासून उंचीवर गेल्यास त्याआधीच. दर ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, बालाघाटाच्या पठारावर त्याहूनही कमी तापमानाला.

ही अडचण रेडिएटरच्या दाबयुक्त झाकणाने दूर होते. झाकणातील स्प्रिंग प्रणालीतील दाब वाढू देते. दाब बाहेरच्या हवेपेक्षा अर्ध्या बारने अधिक असेल तर समुद्रसपाटीला पाणी सुमारे १११ अंशांना, आणि १ बारने अधिक असेल तर सुमारे १२० अंशांना उकळते. यावरून दोन गोष्टी ध्यानी येतात. झाकणाची स्प्रिंग किंवा रबरी चकती निकामी झाली तर इतर सर्व भाग निर्दोष असूनही पाणी उकळू शकते. आणि गरम इंजिनाचे झाकण उघडताच दाब एकदम उतरून आतील १०० अंशांहून अधिक तप्त पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होऊन बाहेर उसळतो. भाजण्याचे बहुतेक अपघात असेच घडतात.

## शीतन प्रणालीची रचना

द्रव-शीतित इंजिनात पुढील भाग असतात.

* जलकवच: सिलिंडर आणि हेड यांभोवतीची पोकळी. यातून पाणी फिरते.
* पाण्याचा पंप: मेकॅनिकांच्या बोलीत यास ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. जुन्या गाड्यांत तो फॅन बेल्टवर चालतो.
* थर्मोस्टॅट: मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप. बहुतेक गाड्यांत ती ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते.
* रेडिएटर: बारीक नळ्या व त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांची जाळी. नळ्यांतील पाण्याची उष्णता पत्र्यांवाटे हवेत जाते.
* पंखा: गाडी थांबलेली किंवा संथ असताना रेडिएटरमधून हवा ओढतो.
* होज पाइप: इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या.

वायू-शीतित इंजिनात पाणी नसते. सिलिंडरभोवतीच्या पात्यांवरून पंख्याने हवा ढकलली जाते. अशा इंजिनात पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण आणि तेलाचे प्रमाण यांना पाण्याइतकेच महत्त्व असते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या मोटारीत पाणी उकळून वाफेवाटे निघून जात असे व ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर विकसित केला आणि १९०१ सालच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये तो वापरला गेला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या मोटारीत आरंभीच्या काही गाड्या वगळता पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, या तत्त्वावरच पाणी फिरत असे. त्यामुळे पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की अभिसरण थांबे.

सुट्या भागांच्या संचातून मोटार जुळवण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे आयात केलेल्या भागांपासून मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला. सोलापूर येथे जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यात आधी अमेरिकी मोटारी जुळवल्या गेल्या व पुढे फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांतील १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची मोटार १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. महिंद्र उद्योगसमूहाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपचे संच जुळवण्यास प्रारंभ केला. ग्रामीण महाराष्ट्रात शासकीय कामापासून काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपपर्यंत या गाडीच्या अनेक पिढ्या वापरल्या गेल्या.

छंद म्हणून स्वतः जुळवण्याच्या मोटारींची परंपरा प्रामुख्याने ब्रिटनमधील. कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ ही १९५७ साली आलेली मोटार संचाच्या रूपात विकली जात असे. संचावर त्या वेळी खरेदी कर लागत नसल्याने ती स्वस्त पडे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या वायू-शीतित इंजिनावर आधारित ‘मेयर्स मँक्स’ ही फायबरग्लासची मोटार लोकप्रिय केली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळ कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्स ही कंपनी या परंपरेतील आहे. तिची ‘रोडस्टर’ ही लोटस सेव्हनच्या घाटणीची, फायबरग्लास कायेची मोटार १.८ लिटरच्या इसुझू इंजिनावर चालते.

## कारणे

### सर्व मोटारींना लागू असणारी कारणे

* पाणी कमी होणे: होज पाइप फुटणे, क्लिप सैल असणे, पंपाचे सील गळणे, रेडिएटरला छिद्र पडणे.
* हवेचा प्रवाह अडणे: जाळीत धूळ, कीटक, कापसाचे तंतू किंवा उसाचे पाचट अडकणे.
* पाण्याचा प्रवाह अडणे: नळ्यांत क्षार साचणे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, पंपाची पाती झिजणे, होज आतून सोलून निघणे किंवा चोषणाने चपटा होणे.
* फॅन बेल्ट सैल होणे किंवा तुटणे.
* इग्निशनचा टायमिंग उशिरा असणे: यात ज्वलन लांबते व अधिक उष्णता हेडकडे जाते.
* कार्ब्युरेटरमधून हवेच्या मानाने इंधन कमी येणे.
* ब्रेक चिकटून राहणे: यामुळे इंजिनावर सतत जादा भार पडतो.
* हेड गॅस्केट जळणे: हे अतितापनाचे कारणही असते आणि परिणामही.

### किट कार व पुन्हा उभारलेल्या मोटारींतील विशेष कारणे

कारखान्यात तयार झालेल्या मोटारीत इंजिन, रेडिएटर आणि बॉनेटची पोकळी यांचा एकत्र विचार झालेला असतो. किट कारमध्ये इंजिन एका गाडीचे, रेडिएटर दुसऱ्या गाडीचा आणि काया तिसऱ्याच रचनेची असू शकते. त्यातून पुढील दोष निर्माण होतात.

हवा अडकणे. बुटक्या नाकाच्या मोटारीत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसवलेला असतो. अशा वेळी प्रणालीतील सर्वांत उंच बिंदू रेडिएटरच्या तोंडाशी नसून इंजिनाच्या हेडशी किंवा होजच्या एखाद्या कमानीत असतो. पाणी भरताना हवा तेथे कोंडते आणि हेडचा तो भाग कोरडा राहतो. तोंडाशी पाणी काठोकाठ दिसते, तरीही गाडी तापते. यावर उपाय म्हणजे सर्वांत उंच ठिकाणी पाणी भरण्याची वेगळी टाकी बसवणे किंवा हवा सोडण्याचा स्क्रू ठेवणे.

हवेला बाहेर जाण्याची वाट नसणे. समोरून हवा आत येण्यास मोठे तोंड ठेवले जाते, पण तापलेली हवा बाहेर कोठून जाणार याचा विचार होत नाही. बॉनेटखाली दाब साचतो आणि रेडिएटरमधून हवा वाहणेच मंदावते. बॉनेटच्या बाजूंना झरोके ठेवल्यास फरक पडतो. रेडिएटर आणि समोरचे तोंड यांमधील फटी पत्र्याने किंवा रबराने बुजवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण हवा नेहमी सोप्या वाटेने जाते आणि फट असेल तर रेडिएटरला वळसा घालते.

विजेच्या पंख्याची चुकीची जोडणी. तारा उलट जोडल्यास पंखा उलट दिशेने फिरतो. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा तेव्हा हवा मागे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो व धावत्या गाडीच्या वाऱ्याशीच झुंजतो. जाळीसमोर कागदाचा कपटा धरून हा दोष क्षणात ओळखता येतो. तो जाळीला चिकटला पाहिजे.

तापमापकाची खोटी नोंद. धातूच्या गाडीत कायाच विजेच्या परतीचा मार्ग असते. फायबरग्लास विजेचा वाहक नाही. त्यामुळे प्रत्येक उपकरणाला वेगळी अर्थिंगची तार द्यावी लागते. ती सैल असेल तर दिवे लावताच तापमापकाचा काटा हलतो. इंजिन उघडण्याआधी ही तपासणी करावी.

## लक्षणे व निदान

अतितापन केव्हा होते, यावरून कारणाचा बराचसा अंदाज बांधता येतो.

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| संथ गतीत किंवा गर्दीत तापते, वेगात थंड होते | पंखा, पंख्याभोवतीचे आवरण, सैल बेल्ट |
| वेगात किंवा भारात तापते, संथ गतीत ठीक असते | रेडिएटरच्या नळ्यांतील क्षार, पंपाची झीज, कमी इंधनाचे मिश्रण |
| सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते | अडकलेला थर्मोस्टॅट, कोंडलेली हवा, पाण्याचा अभाव |
| बाहेर गळती नसूनही पाणी घटते | हेड गॅस्केट जळणे, हेडला तडा |
| रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात | ज्वलनवायू पाण्यात मिसळणे |
| तेल दुधाळ किंवा चहासारखे दिसते | तेलात पाणी जाणे |

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. तो दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात, तळाला न टेकवता, लोंबकळत सोडावा व पाणी तापवत तापमापकाने नोंद घ्यावी. त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास झडप उघडू लागली आणि पाणी निवताना ती मिटली, तर तो चांगला आहे. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. फॅन बेल्ट दोन पुल्यांमधील लांब अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारण १ ते १.५ सेंटिमीटर दबला पाहिजे. या तपासण्या इंजिन बंद व पूर्ण थंड असतानाच कराव्यात.

हेड गॅस्केटविषयी घाईने निष्कर्ष काढू नये. अनेकदा झाकण, बेल्ट आणि होज यांसारखे स्वस्त भाग न तपासताच हेड उघडले जाते. स्वस्त व बाहेरून दिसणाऱ्या भागांपासून आरंभ करून आतल्या भागांकडे जाणे हा निदानाचा सर्वमान्य क्रम आहे.

पेट्रोलची वाफ नळीत अडकून गाडी बंद पडणे हा निराळा दोष आहे. त्यात पाण्याचे तापमान योग्य असूनही इंधन कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही. उन्हाळ्यात जुन्या पेट्रोल गाड्यांत हे दोन्ही दोष एकाच वेळी दिसू शकतात, म्हणून आधी पाण्याचे तापमान पाहावे.

## बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड जिल्ह्याचे बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकाठचा सखल प्रदेश आणि दक्षिणेस पठार. त्यामुळे जिल्ह्यातील अनेक प्रवासांत घाट चढावाच लागतो. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर गेवराई व बीड ही गावे सखल भागात असून पुढे मांजरसुंब्याकडे जाताना चढ लागतो. माजलगावकडून धारूरकडे जाणारा धारूर घाट अवघड वळणांसाठी परिचित आहे. एप्रिल व मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. रेडिएटर आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर उष्णतेचे विसर्जन अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर असेल, तर २० अंशांच्या हिवाळी सकाळी हा फरक ७० अंश असतो व ४२ अंशांच्या दुपारी ४८ अंश. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. त्यातच घाटात भार मोठा, वेग कमी आणि वारा अपुरा.

दुसरे कारण पाण्याचे. जिल्ह्याचा खडक बहुतांशी बेसाल्ट आहे आणि विहिरी व विंधन विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे दुष्फेन असते. अशा पाण्यात विरघळलेली कॅल्शिअम व मॅग्नेशिअमची बायकार्बोनेटे तापवल्यावर विघटित होतात आणि कार्बोनेटचा न विरघळणारा थर भांड्याला धरतो. पाणी तापवण्याच्या बंबात किंवा चहाच्या पातेल्यात दिसणारा पांढरा थर तो हाच. जलकवचात व रेडिएटरच्या नळ्यांत तो बसला की उष्णतेच्या वाटेत अडसर उभा राहतो, कारण त्याची उष्णतावाहकता धातूच्या मानाने फारच कमी असते. गळका रेडिएटर दर काही दिवसांनी विहिरीच्या पाण्याने भरत राहिल्यास प्रत्येक वेळी नवे क्षार आत जातात. म्हणून थोडी गळतीसुद्धा दुर्लक्षिण्याजोगी नसते.

तिसरे कारण ऊसतोडीच्या हंगामाशी संबंधित आहे. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ट्रॅक्टर व मालमोटारी त्या काळात पूर्ण भारावर चालतात आणि पाचटाची धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. परतीच्या प्रवासाआधी जाळी स्वच्छ करणे व बेल्ट तपासणे हे अल्प खर्चाचे काम आहे. मुलाबाळांसह भर उन्हात रस्त्यात अडकून पडणे त्याने टळू शकते.

शीतनासाठी पाणी किती अपरिहार्य आहे, याचे मोठे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. केंद्राचा बाष्पक असो वा जीपचे इंजिन, निर्माण झालेली उष्णता वाहून नेण्याचे साधन नसेल तर यंत्र थांबवण्यावाचून गत्यंतर नसते.

## रस्त्यात गाडी तापल्यास

काटा चढू लागताच, म्हणजे वाफ दिसण्यापूर्वी, पुढील उपाय करता येतात.

1. वातानुकूलन असल्यास बंद करावे. हीटर असल्यास पूर्ण सुरू करावा, कारण तो छोट्या रेडिएटरचेच काम करतो.
2. चढावर खालचा गिअर टाकावा व ॲक्सिलरेटरवरील दाब कमी करावा. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात आणि त्यावर चालणारे पंप व पंखा अधिक वेगाने फिरतात.
3. तरीही काटा उतरत नसेल तर वळण टाळून, मागून येणाऱ्या वाहनांना दिसेल अशा सुरक्षित ठिकाणी गाडी थांबवावी.
4. पाणी शाबूत असून वाफ नसेल तर इंजिन एक-दोन मिनिटे संथ चालू ठेवावे. एकदम बंद केल्यास पंप थांबतो व हेडमधील साठलेली उष्णता तेथील पाण्याला उकळवते.
5. वाफ येत असेल, पाणी सांडत असेल, बेल्ट तुटला असेल किंवा इंजिनातून ठोक्यांचा आवाज येत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे.
6. वाफ निवल्यावरच बॉनेट उघडावे. झाकणास किमान अर्धा तास हात लावू नये. वरचा होज हाताला सोसेल इतका निवून दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड ओल्या कापडाने झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब जाऊ द्यावा व मग काढावे. चेहरा दूर ठेवावा.
7. पाणी हळूहळू, इंजिन संथ चालू ठेवून भरावे. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूचे असमान आकुंचन होऊन हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पूर्वी जीप व मालमोटारींच्या पुढे किंवा बाजूला कॅनव्हासची छागल टांगलेली असे. तिच्यातून पाझरणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील पाणी गार राही आणि गरजेला रेडिएटरच्या कामी येई. आजही उन्हाळी प्रवासात पाच लिटर पाणी, जास्तीचा फॅन बेल्ट, दोन क्लिपा आणि पाना जवळ ठेवणे इष्ट ठरते. हे पाणी पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त असावे.

### भाजल्यास प्रथमोपचार

भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या थंड (बर्फाच्या नव्हे) पाण्याखाली धरावा. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप असे काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्यावे. चेहरा, डोळे किंवा हाताचे पंजे भाजले असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

## कायमचे उपाय

शीतन द्रव. पाण्यात इथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये असलेले कूलंट मिसळतात. निम्म्या प्रमाणातील मिश्रण वायुमंडलीय दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. मात्र त्याची उष्णता धारण करण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असते. म्हणून अधिक कूलंट म्हणजे अधिक शीतन, ही समजूत चुकीची आहे. मराठवाड्यात पाणी गोठण्याचा प्रश्न नसल्याने ३० ते ५० टक्के प्रमाण पुरेसे असते. उत्पादकाने प्रमाण सांगितले असल्यास तेच पाळावे. मिसळण्यासाठी बॅटरीत घालतात तसे ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. नुसते शुद्ध पाणी क्षार धरू देत नसले तरी गंज थांबवत नाही. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. जनावरे पाणी पितात तेथे ते ओतू नये व मुलांच्या हाती लागू देऊ नये.

क्षार काढणे. साचलेले क्षार काढण्यासाठी लिंबाच्या सताचे, म्हणजे सायट्रिक आम्लाचे, सौम्य द्रावण वापरून नंतर स्वच्छ पाण्याने प्रणाली अनेकदा धुतात. शौचालय स्वच्छ करण्याचे तीव्र आम्ल वापरल्यास ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटरचे डाग खाल्ले जातात. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर कारागिराकडून उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करता येतो. जाळी बाहेरून धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे अशी कमी दाबाची धार सोडावी. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणे. उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा रूढ आहे. अडकलेला थर्मोस्टॅट रस्त्यात काढून घर गाठणे योग्य असले तरी तो कायमचा उपाय नव्हे. त्याविना इंजिन थंड चालते, इंधन अधिक लागते, तेलात आर्द्रता साचते व झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगल-मार्ग बंद करतो. तो नसल्यास काही पाणी रेडिएटरला वगळून परत फिरते आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते.

पंखा व आवरण. पंख्याभोवती रेडिएटरला टेकणारे आवरण बसवल्यास हवा संपूर्ण जाळीतून ओढली जाते. आवरण नसल्यास पंख्यासमोरच्या वर्तुळापुरतीच. मोठा रेडिएटर घेण्याआधी हा कमी खर्चाचा बदल करून पाहावा.

## दुष्परिणाम

अतितापनात हेड वाकते व गॅस्केट जळते. वाकलेले हेड यंत्रावर घासून सपाट करावे लागते. तापमान आणखी वाढल्यास तेल पातळ होऊन पिस्टन व सिलिंडर यांतील पडदा नष्ट होतो आणि पिस्टन पकडतो, म्हणजेच इंजिन ‘सीझ’ होते. जुन्या मोटारींचे सुटे भाग दुर्मीळ होत चालल्याने अशी हानी भरून काढणे कठीण जाते. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून या बनावटीची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

## कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलायचे असल्यास परिवहन कार्यालयाची मान्यता आवश्यक असते. त्यामुळे तापणारे इंजिन काढून दुसऱ्या बनावटीचे बसवणे हा केवळ तांत्रिक निर्णय राहत नाही. नव्या रचनेच्या वाहनांची चाचणी अधिकृत संस्थांकडून व्हावी लागते. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि बीडच्या शेजारील अहिल्यानगर येथील संरक्षण विभागाची वाहन संशोधन संस्था या त्यांपैकी होत. २०२१ सालच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारींची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. अशा मोटारी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत.

## हेही पहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* रेडिएटर
* दुष्फेन पाणी
* जीप
* प्रीमियर पद्मिनी
* बालाघाट डोंगररांग